ऊ की कोंडा? वसतिगृहात डोकी तपासतानाचा आमचा अनुभव

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात आणि मागे राहिलेली लेकरं हंगामी वसतिगृहात येतात. पहिल्याच आठवड्यात आम्ही एकेका मुलीचं डोकं पाहतो. केसांत पांढरं दिसलं की लोक दोनच गोष्टी धरून चालतात: लिखा नाहीतर कोंडा. आमच्याकडे आणखी दोन असतात. कापूस वेचून आलेल्या मुलीच्या केसांत कापसाचे बारीक तंतू अडकलेले असतात. बोअरच्या जड पाण्यात अंगाच्या साबणाने डोकं धुतलं असेल, तर साबणाचा राखाडी-पांढरा थर केसांवर बसतो. हातभर अंतरावरून हे चारही सारखेच दिसतात.

तपासायची वेळ सकाळी दहा-अकराची, जागा ओसरी. ऊन थेट केसांवर पडलं पाहिजे, कारण खोलीतल्या ट्यूबच्या उजेडात लीख हमखास निसटते. वेण्या सोडून केस कोरडेच ठेवायचे आणि बोटभर रुंदीचा एकेक भांग पाडत जायचं. सुरुवात कानामागून आणि मानेवरच्या केसांच्या कडेपासून, कारण लिखा तिथे सगळ्यात जास्त सापडतात.

पांढरा दाणा दिसला की आधी फुंकर मारायची. कोंडा उडतो किंवा जागचा हलतो. त्याचे पापुद्रे चपटे, वेडेवाकडे असतात आणि टाळूवरही पसरलेले दिसतात. न उडालेला दाणा दोन बोटांच्या चिमटीत धरून केसाच्या टोकाकडे ओढायचा. कापूस असेल तर धागा लांबत सुटून येतो. साबण असेल तर नखाखाली पीठ होतं, आणि तो थर एका ठिकाणी नसून केसाच्या लांबीभर असतो; लिंबू पिळलेल्या पाण्याने निघतो. लीख मात्र ओढून येत नाही. ती लंबगोल, मिलिमीटरपेक्षाही लहान, केसाच्या एकाच बाजूला तिरकी चिकटलेली असते. मादी अंडं घालताना केसाभोवती चिकट द्रव सोडते, तो वाळून घट्ट होतो. म्हणून तिला नखाने खरडत शेवटपर्यंत न्यावं लागतं.

इथे एक गोष्ट अनुभवी हातालाही फसवते. रोज घट्ट दोन वेण्या घालणाऱ्या मुलींच्या केसांवर कधी कधी पांढरी बारीक नळी बसलेली असते. लांबून ती लीखच वाटते, पण केसाला चहूबाजूंनी वेढून असते आणि बोटाने सरकवली की अलगद सरकते. तिला औषध लागत नाही, वेण्या जरा सैल घालायच्या एवढंच.

लीख सापडली, तरी आज डोक्यात उवा आहेतच असं नाही. केस महिन्याला साधारण 1 सेंमी वाढतो. टाळूपासून 6 मिमीच्या आतली लीख जिवंत असू शकते. दोन-तीन सेंमीवरची म्हणजे दोन-तीन महिन्यांपूर्वीचं रिकामं टरफल. खात्री पटते ती चालती ऊ दिसल्यावरच, आणि कोरड्या केसांत ती उजेड पडताच पळते. म्हणून केस ओले करून कंडिशनर किंवा खोबरेल तेल भरपूर लावायचं, म्हणजे तिची चाल मंदावते. मग साध्या कंगव्याने गुंता काढून फणी धरायची. आठवडी बाजारातली प्लास्टिकची फणी बहुतेक वेळा निकामी ठरते, कारण तिचे दात वाकून फटी रुंदावतात. धातूच्या सरळ दातांची घ्यावी. डोक्याचे चार भाग करून प्रत्येक बट टाळूला टेकवून टोकापर्यंत विंचरायची आणि दर वेळी फणी पांढऱ्या फडक्यावर पुसायची. लांब केसांना वीस मिनिटं तरी लागतात. फडक्यावर तिळाएवढा, 2 ते 3 मिमीचा, सहा पायांचा करडा जीव हलला की प्रश्न मिटला. खाजेवर मात्र विसंबू नका. पहिल्यांदाच उवा झाल्या असतील तर खाज सुटायला चार ते सहा आठवडेही लागतात.

उवांना आम्ही 1 टक्का पर्मेथ्रिनचं लोशन वापरतो. केस साध्या शाम्पूने धुऊन तेल आणि कंडिशनर पूर्ण काढायचं, टॉवेलने टिपायचं, डोळ्यांवर घडी धरून मुळापासून लावायचं, 10 मिनिटांनी धुवायचं. बहुतेकांची चूक पुढे होते: दुसरा हात मारत नाहीत. या औषधाने सगळ्या लिखा मरत नाहीत आणि उरलेल्या आठवडा-दहा दिवसांत फुटतात. म्हणून नवव्या दिवशी पुन्हा लावायचं आणि मधल्या काळात दर दोन-तीन दिवसांनी फणी फिरवायची. चालत्या उवा सापडलेल्या सगळ्या मुलींना एकाच दिवशी औषध द्यायचं. डोक्याबाहेर ऊ एक-दोन दिवसच जगते, त्यामुळे उशीचे अभ्रे आणि टॉवेल कढत पाण्यात धुतले की पुरे. खोलीत फवारणीची काहीच गरज नाही.

कोंड्याला हे लोशन लावून उपयोग शून्य. तिथे तेल आधी बंद, कारण कोंडा वाढवणारी बुरशी तेलावरच पोसते. मोठ्या मुलींसाठी 2 टक्के केटोकोनाझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, फेस पाच मिनिटं ठेवून, चार आठवडे. आठ-नऊ वर्षांच्या मुलीला जाड पापुद्रे असतील, केस तुटून चट्टा पडला असेल, तर त्याला कोंडा म्हणू नका. ते बहुधा डोक्यातलं गजकर्ण असतं, पोटातून औषध लागतं, डॉक्टरांकडेच न्यावं.

घरातून येणाऱ्या उपायांची आम्हाला फार काळजी वाटते. रॉकेलने कातडी भाजते आणि चुलीजवळ जीव जातो. कपाशीवर फवारायचं औषध डोक्याच्या कातडीतून अंगात भिनतं. बालाघाटच्या डोंगरात सीताफळ मुबलक, म्हणून बियांची पूड लावतात. ती डोळ्यात गेली तर बुबुळावर जखम होते. असं झालं तर चोळू न देता पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाणी सोडत राहायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा.

दुसऱ्या औषधानंतरही चालत्या उवा दिसल्या, तर आधी दोन गोष्टी पाहतो: लांब केसांना लोशन कमी पडलं का, आणि शेजारी झोपणारी बहीण तपासायची राहिली का. दोन्ही नसेल तर त्याच औषधाचा तिसरा हात न मारता डॉक्टरांकडून दुसरं घेतो. हंगाम संपून आई परतली की तिलाही ओसरीवर बसवून फणी फिरवतो, कारण त्या रात्री लेक तिच्याच कुशीत झोपणार असते.