आईचा 6.4 आणि विसरभोळेपणा

आईच्या तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट 6.4 आला की आमच्या पंचवटीतल्या घरात कौतुक व्हायचं. सत्तरी ओलांडली तरी इतका छान आकडा! त्यामुळे ती गोळी घेतली की नाही हे विसरू लागली, भजनाला जाईनाशी झाली, तेव्हा साखरेचा संशय कुणालाच आला नाही. ‘वय झालं,’ म्हणून नातेवाइकांनी विषय मिटवला.

कॉलेज रोडच्या डॉक्टरांच्या कपाळाला मात्र तो 6.4 बघूनच आठ्या पडल्या. या वयात ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी चालू असताना सरासरी एवढी कमी, म्हणजे मधूनच साखर घसरत असणार. ‘आजी, रात्री घाम येतो का?’

‘येतो की, उकाड्याचा.’

नाशिकच्या डिसेंबरात उकाडा! पहाटे ग्लुकोमीटर लावला, तर 58. 70 च्या खाली म्हणजे कमीच. मेंदू मुख्यतः ग्लुकोजवर चालतो, म्हातारपणी साखर वारंवार अशी घसरणं स्मरणशक्तीला बरं नाही. ग्लिमेपिराइड कमी झाली आणि तीन महिन्यांचा आकडा 6.4 ऐवजी 8 च्या आत असला तरी पुरे, असं ठरलं.

विसरण्याची आणखी कारणं शोधताना थायरॉइड ठीक निघालं, बी-12 जीवनसत्त्व फारच कमी. मेटफॉर्मिन हे डायबेटिसचं औषध वर्षानुवर्षं घेतलं की असं होऊ शकतं, त्यात आम्ही शाकाहारी. इंजेक्शनं सुरू झाली.

अवघड गेलं ते मानसोपचारतज्ज्ञांकडे नेणं. ‘मी काय वेडी झाले का गं?’

‘शुगरसाठी डोळे दाखवतेस, पाय दाखवतेस, तसंच हे.’

झोप, भूक, मन लागतं का, असे नैराश्य तपासणारे नऊ प्रश्न. 27 पैकी 14 आले; 10 किंवा त्याहून जास्त आले की लक्ष घालावं लागतं. डायबेटिसवाल्यांत नैराश्य इतरांच्या जवळपास दुप्पट आढळतं. नैराश्यात माणूस चालायला जात नाही, गोळ्या चुकवतो, साखर आणखी बिघडते. विसरायलाही होतं, हे मात्र मला नवीन होतं.

मग 30 मार्कांची स्मरणशक्तीची चाचणी. पाच शब्द लक्षात ठेवा, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवणारं घड्याळ काढा. शाळा सातवीपर्यंतच, म्हणून एक मार्क वाढवून मिळाला. तो तिला अपमानच वाटला. तो धरून 22. 26 हवे होते. तरी डॉक्टरांनी डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, शिक्का मारला नाही. आधी बी-12, मन आणि रात्रीची साखर सावरू दे, सहा महिन्यांनी पुन्हा बघू, म्हणाले.

तोवर आई वहीत घड्याळं काढत बसते. सराव केलास तर चाचणीला अर्थ काय, असं कितीदा सांगितलं. ऐकत नाही.