पगारपत्रकातली ती ओळ

सुट्टीत नाशिकला आले तेव्हा आईच्या बीपीच्या गोळ्या आणायला घराजवळच्या सरकारी दवाखान्यात गेले होते. खिडकीतल्या ताईंनी चिठ्ठी परत केली. "संपल्यात. ग्रँट आली की मिळतील." मागे पेठ तालुक्यातून आलेल्या आजी उभ्या होत्या. त्यांनाही हेच उत्तर.

त्याच संध्याकाळी पेटी आवरताना बाबांच्या पगाराच्या जुन्या पावत्या हाती लागल्या. टाचणी गंजलेली, पण कपातीच्या रकान्यात ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, स्पष्ट वाचता येत होतं. सातपूरच्या कारखान्यात असताना त्यांचे १.७५ टक्के कापले जायचे, मालक ४.७५ टक्के भरायचा. माझी कावीळ आणि आईचं ऑपरेशन त्यातच निभावलं.

माझ्या जर्मनीतल्या, श्टुटगार्टच्या पगारपत्रकातही तशीच ओळ आहे. आरोग्य विम्याचे मूळ १४.६ टक्के, वर विमा संस्थेचा जादा हप्ता. निम्मं मी भरते, निम्मं कंपनी. १८८३ साली चान्सलर बिस्मार्कच्या काळात कामगारांसाठी सुरू झालेली ही पद्धत दोन महायुद्धांतूनही टिकली. २००९ पासून हे पैसे वेगळ्या आरोग्य निधीत जमा होतात. कुठल्या संस्थेकडे वयस्कर आणि आजारी माणसं किती, हे पाहून त्यांचं वाटप होतं. दवाखान्यात कार्ड दाखवलं की पुरे. माझा मुलगा हप्ता न भरता माझ्याच विम्यात आहे.

राजकारण तिथंही आहेच. मूळ दर कायद्यानं ठरतो, सरकारही निधीत भर घालतं, जादा हप्ता वाढला की ऑफिसात सगळे चिडतात. पण चिडायला आकडा डोळ्यांसमोर असतो, आणि तो निधी दुसरीकडे सहज वळवता येत नाही. आपल्याकडे राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१७ साली महात्मा फुल्यांच्या नावानं आली. फुल्यांबद्दल मला आदरच आहे, पण योजनेचं नाव बदलण्याआधी तिचा पैसा कायद्यानं पक्का करायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

ईएसआय आजही आहे. कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५. पण महिन्याचा पगार २१,००० रुपयांच्या पुढे गेला की सहसा माणूस बाहेर, आणि दिंडोरीच्या द्राक्षबागेत मजुरीला जाणाऱ्या बायका आत येतच नाहीत. त्यांचा हप्ता सरकारनं भरावा, तोही वेगळ्या खात्यात, कुठलंही सरकार आलं तरी हात लावता येणार नाही असा.

आईच्या गोळ्या मी मेडिकलमधून घेतल्या. आजींनी चिठ्ठी पदराच्या टोकाला बांधली आणि एसटी स्टँडकडे चालू लागल्या.