मुलांसोबतचा प्रवास आणि चालू राहिलेले काम

आजचा जवळजवळ सगळा दिवस रेल्वेत गेला, तरीही आमच्या ऑनलाइन दुकानाचे एकही काम अडून राहिले नाही, याचे मला मनापासून समाधान वाटते. अशा प्रवासात इंटरनेट हीच मोठी अडचण असेल, असे अनेकांना वाटते. माझ्या मते खरी अडचण ओटीपीची असते, कारण परदेशात गेल्यावर घरच्या सिमवर संदेश वेळेवर येईलच याची खात्री देता येत नाही. म्हणून निघण्यापूर्वीच सर्व महत्त्वाची खाती ऑथेंटिकेटर अ‍ॅपला जोडून घेतली होती. हे अ‍ॅप फोनमध्ये साठवलेली गुप्त किल्ली आणि घड्याळाची वेळ यांवरून साधारणपणे दर ३० सेकंदांनी नवा कोड तयार करते, त्यासाठी सिमला रेंज असण्याची गरज नसते. (फोन हरवला तर उपयोगी पडणारे बॅकअप कोड कागदावर लिहून वेगळ्या बॅगेत ठेवावेत, हे आवर्जून सांगते.)

मुले जागी असताना ग्राहकांशी फोनवर बोलायचे नाही, हा नियम मी कटाक्षाने पाळते. धाकटी माझ्या मांडीवर डोके ठेवून झोपली आणि थोरला खिडकीला नाक लावून पूल मोजू लागला, तेवढ्या वेळात मी एका हाताने परताव्याच्या विनंत्या मार्गी लावल्या. उरलेली उत्तरे रात्री मुले झोपल्यावर लिहीन. उत्तराला २४ तास लागू शकतात, असे दुकानाच्या पानावर आधीच स्पष्ट लिहिलेले असल्याने ग्राहकही समजून घेतात.