साथीला बसणाऱ्याने ऐकावा असा जिम हॉल

मी हार्मोनिअमवर साथ करतो, डोंबिवलीत क्लास घेतो, आणि गिटार मला धड धरताही येत नाही. तरी गेली काही वर्षं मी सगळ्यात जास्त ऐकतो तो वादक गिटारवाला आहे: अमेरिकेचा जिम हॉल. जॅझ गिटार म्हटलं की लोक आधी वेस माँटगोमेरीचं नाव घेतात, जो पासचं घेतात. घ्यावंच. पण दुसऱ्याच्या गाण्यामागे बसून ज्याचं आयुष्य जातं, त्याने हॉलकडे यावं.

1960 च्या फेब्रुवारीत बर्लिनमध्ये जॅझ गायिका एला फिट्झजेराल्डची मैफल झाली. ‘मॅक द नाइफ’ गाता गाता बाई शब्द विसरल्या. मग तिथल्या तिथे नवे शब्द जोडत, मध्येच गायक-ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगची नक्कल करत त्यांनी गाणं पार नेलं. त्या गाण्याला ग्रॅमी मिळालं, किस्सा अजून सांगितला जातो. मागे गिटारवर कोण होतं, हे मात्र कुणी विचारत नाही. हॉल होता. गायिका वाट्टेल तिकडे चालली आहे आणि मागचे चौघे लय तसूभरही हलू देत नाहीत. शब्द विसरलेल्या गायकामागे बसायची वेळ माझ्यावरही आली आहे. अशा वेळी हात आधी घाबरतात आणि उगाच जास्त वाजवायला लागतात.

हॉल 4 डिसेंबर 1930 ला बफेलोत जन्मला, वाढला क्लीव्हलंडमध्ये. तेराव्या वर्षी त्याने गिटारवादक चार्ली ख्रिश्चनचा ‘ग्रँड स्लॅम’मधला सोलो (एकट्याने पुढे येऊन वाजवायचा भाग) ऐकला आणि हेच करायचं असं मनाशी ठरवलं. पुढे क्लीव्हलंड इन्स्टिट्यूट ऑफ म्युझिकमध्ये रीतसर शिक्षण झालं. तिथे त्याने चार तंतुवाद्यांसाठी क्वार्टेट लिहिला होता. हे महत्त्वाचं आहे, कारण त्याचा सोलो ऐकताना माणूस बोटं चालवतो आहे असं वाटतच नाही. दोन-तीन सुरांचा एक तुकडा घ्यायचा, तो उलटा-सुलटा करून बघायचा, जरा खाली न्यायचा, लय बदलायची, आणि तो पुरता संपल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. आपल्याकडे बढत म्हणतात ती हीच. तानांचा पाऊस नाही.

1955 मध्ये तो लॉस एंजेलिसला गेला आणि ड्रमर चिको हॅमिल्टनच्या क्विंटेटमध्ये, म्हणजे पाच जणांच्या संचात, दाखल झाला. या क्विंटेटमध्ये चक्क चेलो होता, जॅझमध्ये सहसा न दिसणारं व्हायोलिनच्या कुळातलं वाद्य. नंतर जिमी जफ्रीच्या त्रिकुटात गेला. जफ्री क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन वाजवायचा, आणि एका टप्प्यावर त्याने बासही काढून टाकला. उरले जफ्री, बॉब ब्रूकमायरचा व्हॉल्व्ह ट्रोम्बोन आणि हॉलची गिटार. ड्रम्स नाहीत, बास नाही, लय धरायला कुणीच नाही. दोन फुंकीच्या वाद्यांबरोबर राहायचं म्हणून हॉलने प्रत्येक सुरावर पिकचा (तार छेडायच्या पट्टीचा) आघात करणं सोडलं. एक आघात आणि पुढचे सूर डाव्या हाताने जोडून घ्यायचे. गिटारला श्वास आला तो इथे. विजेची गिटार म्हणजे मोठा आवाज, असा आपला समज. हॉलचं म्हणणं उलटं होतं: अँप्लिफायर असल्यामुळे मला हळू वाजवता येतं.

आता साथीकडे येतो, कारण मला मुळात त्यावरच बोलायचं आहे.

1962 साली त्याने पियानोवादक बिल एव्हान्सबरोबर ‘अंडरकरंट’ ही रेकॉर्ड केली. फक्त दोघे. पियानो आणि गिटार दोन्ही कॉर्ड, म्हणजे एकदम अनेक सूर, वाजवणारी वाद्यं, त्यामुळे एकमेकांच्या पायात पाय अडकण्याची भीती सतत. आमच्याकडे एकाच मैफलीत हार्मोनिअम आणि सारंगी दोन्ही साथीला असली की काय होतं, ते बसणाऱ्यालाच माहीत. एक मागे सरकला नाही तर गायकाचा नुसता चिखल होतो. ‘अंडरकरंट’मधलं पहिलंच गाणं, ‘माय फनी व्हॅलेंटाइन’, लोक संथ वाजवतात, हे दोघे द्रुत घेतात. एव्हान्सचा सोलो रंगात येतो आणि हॉल एकदम सगळी नक्षी बंद करून मात्रेगणिक एकेक कॉर्ड वाजवायला लागतो. एक, दोन, तीन, चार. बस. जणू खोलीत बासवालाही आला आणि ड्रमरही. एव्हान्सला तेव्हा काय हवं होतं ते त्याच्या आधी हॉलला कळलं, असं मला दर वेळी वाटतं. हे करायला तयारी लागते त्यापेक्षा जास्त, दिसण्याची हाव नसावी लागते.

त्याच वर्षी सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्सची ‘द ब्रिज’ आली. रोलिन्स 1959 ते 61 मैफली सोडून न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन रियाज करत होता. परतला तेव्हा त्याने पियानो घेतलाच नाही, हॉलला घेतलं. पियानो सगळ्या जागा भरून टाकतो. हॉल जागा मोकळ्या ठेवतो, आणि रोलिन्ससारख्या दांडग्या माणसाला त्याच हव्या होत्या.

मग दारू. 1960 च्या दशकाच्या मधल्या वर्षांत मैफली आणि दौऱ्यांपासून दूर राहून तो मर्व्ह ग्रिफिनच्या टीव्ही शोच्या बँडमध्ये पगारी वादक झाला. यावर नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मी मुरडत नाही. महिन्याचा पगार आणि रात्री घरी झोपणं यांनी माणूस उभा राहिला. 1965 मध्ये जेनशी लग्न झालं. ती पुढे मनोविश्लेषक झाली, आणि गाणीही रचायची. ‘कॉन्सिएर्तो’वरचं ‘द आन्सर इज येस’ तिचंच.

‘कॉन्सिएर्तो’ ही 1975 ची. चेट बेकर, पॉल डेझमंड, रॉन कार्टर, स्टीव्ह गॅड असली नावाजलेल्या वादकांची फौज, आणि एक अख्खी बाजू स्पॅनिश संगीतकार रॉड्रिगोच्या ‘आरांहुएझ’ या गिटारच्या रचनेला दिलेली. हॉलची सगळ्यात लोकप्रिय रेकॉर्ड हीच. सुंदर आहे, पण मला ती जरा इस्त्री केलेली वाटते. त्याच वर्षी जूनमध्ये टोरांटोच्या बोर्बन स्ट्रीट या क्लबमध्ये त्याने त्रिकुटाबरोबर वाजवलं ते ‘जिम हॉल लाइव्ह!’ मी कितीतरी वर ठेवतो. बासवर डॉन थॉम्पसन, ड्रम्सवर टेरी क्लार्क. रेकॉर्डिंगही थॉम्पसननेच केलं, म्हणजे बास वाजवता वाजवता यंत्रावरही लक्ष. त्यातलं ‘अँजल आइज’ ऐका. गाणं सगळ्यांना पाठ आहे हे धरून हॉल त्याच्या कडेकडेने चालतो, आणि मधूनच एखादी ओळखीची जागा दाखवून पुन्हा बाजूला होतो.

शिकवणं तो फार लवकर करायला लागला. 1959 च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या लेनॉक्स स्कूल ऑफ जॅझमध्ये तो शिक्षक होता, त्या वर्षी विद्यार्थ्यांत जॅझचे रूढ नियम मोडणारे ऑर्नेट कोलमन आणि डॉन चेरी होते. विद्यार्थीच असे म्हटल्यावर शिक्षकानेही कान उघडे ठेवायचे. पुढे न्यूयॉर्कच्या न्यू स्कूलमध्ये शिकवलं, 1990 मध्ये ‘एक्सप्लोरिंग जॅझ गिटार’ हे पुस्तक काढलं. त्याची एक युक्ती मी थेट उचलली आहे. बोटांना सवयीच्या वाटा पाठ होतात आणि माणूस विचार न करता त्यांवरून धावतो. म्हणून एक-दोन तारांपुरतं स्वतःला बांधून घ्यायचं आणि तेवढ्यातच सोलो रचायचा. माझ्या क्लासला मी मुलांना एका सप्तकातले चारच सूर देतो आणि म्हणतो, आता यमन दाखव. पालक बिचारे दारात उभे राहून विचारतात, सर, अजून चारच सूर का?

पण शिक्षक म्हणून तो मोठा वाटतो तो शिष्यांमुळे. गिटारवादक बिल फ्रिसेल 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्याकडे थोडेच धडे घेऊन गेला. तेव्हा हॉलसारखंच वाजवायचा त्याचा प्रयत्न असे. आज फ्रिसेलचा सूर, ते लांबत, तरंगत जाणारे आवाज, हॉलशी कुठेच जुळत नाहीत. पीटर बर्नस्टाइन न्यू स्कूलमध्ये शिकला, तो स्वच्छ, सरळ परंपरेतला. उतारवयात तरुण गिटारवाल्या ज्युलियन लाजबरोबर हॉल वाजवायचा. तो आणखी तिसराच. आपल्याकडे शिष्य ऐकला की गुरूचं घराणं चार आवर्तनांत ओळखता येतं, आणि त्याचा आपल्याला अभिमान असतो. मलाही आहे. पण या तिघांना पाठोपाठ ऐकलं की जुळतं ते एकच: समोरचा वाजवत असताना तिघेही गप्प बसू शकतात. हॉलने हेच शिकवलं असावं. आणि हा शिष्यांशी शेवटपर्यंत बरोबरीने बसत राहिला. 2008 ला फ्रिसेलबरोबर ‘हेमिस्फिअर्स’ केली, 2013 च्या न्यूपोर्ट महोत्सवात लाजला शेजारी घेतलं. 10 डिसेंबर 2013 ला गेला, त्र्याऐंशीवा वाढदिवस होऊन आठवडाही झाला नव्हता.

कुणाला सुरुवात करायची असेल तर ‘अंडरकरंट’, मग टोरांटोची ‘लाइव्ह’. त्यानंतर 1957 ची त्याची पहिली रेकॉर्ड, ‘जॅझ गिटार’: पियानोवर कार्ल पर्किन्स (रॉकअँडरोलवाला नव्हे, हा दुसरा), बासवर रेड मिचेल, ड्रम्स मुद्दाम नाहीत. मात्र घेताना वादकांची नावं वाचा. कंपनीने पुढे कधीतरी त्यावर लॅरी बंकरचे ड्रम्स वरून चढवले आणि सोलोही कापले. बंकर चांगला वादक, त्याचा काय दोष. पण त्याचं नाव दिसलं तर ती प्रत खाली ठेवा आणि दुसरी मागा.