फोन सरकवायला खाच कुठाय?

तक्रारीत एवढंच लिहिलं होतं, ‘मशीन फोन घेत नाही.’ पेमेंट मशीन दुरुस्तीच्या कामात हे वाक्य इतक्यांदा वाचलंय की पोचण्याआधीच कारणं मनात तयार असतात. कुणी फोनच्या कव्हरात कार्ड खोचून ठेवलेलं असतं, मशीनला एकदम दोन कार्डं दिसतात. कुणी फोन भलत्याच जागी टेकवतं. एका फोनची अँटेना माथ्याशी, दुसऱ्याची पाठीच्या मध्यावर, आणि पोच जेमतेम चार सेंटिमीटर.

गल्ल्यावर हाताने लिहिलेला कागद चिकटवला होता : ‘मोबाईल टॅप बंद आहे.’ मी नेहमीप्रमाणे लहानात लहान रक्कम टाकून फोन टेकवला. चारही दिवे लागले, बीप वाजला, पावती आली. ‘दोष आढळला नाही’ लिहायला घेतलं, तेवढ्यात गल्ल्यावरची मुलगी म्हणाली, “सर, छोट्या बिलाला चालतंच. मोठ्या बिलाला बघा ना.”

रांगेतल्या एक बाई तेव्हाच मोठं बिल घेऊन पुढे आल्या. चेहरा दाखवून फोन उघडला, टेकवला. मशीनवर आलं, ‘कार्ड घाला.’ पुन्हा टेकवला, पुन्हा तेच. कार्ड असतं तर खाचेत सरकवून पिन टाकला असता. फोन कुठे सरकवणार? “माझ्याच फोनचं काहीतरी बिघडलंय,” म्हणत त्या सामान तिथेच ठेवून निघून गेल्या. मी मशीनच्या सेटिंगमध्ये डोकं घालून बसलो होतो. त्यांना थांबवायचं सुचलं नाही.

त्यांच्या फोनला काहीही झालं नव्हतं. चेहरा दाखवला तिथेच ओळख पटली, पिनची गरज उरली नाही, आणि फोन हे मशीनला पैशांचं बोलणं सुरू होतानाच कळवतो. म्हणून तर ईएमव्ही या कार्ड-व्यवहारांच्या मानकातल्या कर्नल २ मध्ये, म्हणजे टॅप हाताळणाऱ्या मशीनमधल्या एका सॉफ्टवेअरमध्ये, दोन कमाल मर्यादा असतात : डीएफ८१२४ या खुणेची साध्या कार्डासाठी, डीएफ८१२५ अशी ओळख पटवणाऱ्या फोनसाठी. मशीनमध्ये भरायच्या आमच्या सेटिंगच्या फाईलमध्ये दोन्हींत एकच आकडा होता. फोनही साध्या कार्डाच्या मर्यादेवर अडत होता.

ती फाईल त्या मॉडेलच्या सगळ्या मशीनवर गेली आहे, आणि तपासणीच्या तक्त्यावर सही माझी आहे. त्या तक्त्यात रकमेला एकच रकाना आहे. सगळे त्यात लहानात लहान रक्कम टाकतात. मीही तेच केलं.

२०१३ मध्ये अँड्रॉइड ४.४ ने होस्ट कार्ड इम्युलेशन, म्हणजे ॲपच्या जोरावर फोनला कार्डासारखं वागवायची सोय, आणलं आणि सिम कंपन्यांवरचं अवलंबून राहणं सुटलं. २०१४ मध्ये ॲपल पे आलं, खऱ्या कार्डनंबरऐवजी फोनमध्ये टोकन, म्हणजे बदली नंबर, राहू लागलं. तरी आमच्या बैठकांत अजून एकच विषय : फोनने पैसे देण्याची लोकांच्या मनातली भीती कशी घालवायची. त्या बाईंना कसली भीती? त्या कार्ड न घेताच आल्या होत्या. उद्यापासून घेऊन निघतील, आणि आमच्या अहवालात ‘ग्राहक फोन वापरायला कचरतात’ असं येईल.

आकडा दुरुस्त केला, मर्यादेच्या वरची रक्कम टाकून टॅप केलं, व्यवहार झाला. तक्रार बंद करताना कारणांच्या यादीत ‘ग्राहकाच्या फोनची अडचण’ होतं, ‘नेटवर्क’ होतं, ‘मशीन नादुरुस्त’ होतं. आमच्या फाईलची चूक कुठेच नव्हती. ‘इतर’ निवडून सगळं सविस्तर लिहिलं आणि बाकीच्या मशीनची यादी मागितली. अजून आलेली नाही.

निघताना मुलीला म्हटलं, आता तो कागद काढून टाका.

“दोन-तीन दिवस बघते सर,” ती म्हणाली, “मग काढते.”