मसलबरा: रेसकोर्सच्या पोटातलं गोल्फ

चेंबूरमध्ये वाढलेल्या माणसासाठी गोल्फ म्हणजे एक लांबलचक भिंत. बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब तिथे १९२७ पासून आहे, पण आत काय चालतं हे आम्हा कॉलनीतल्या पोरांना कधी कळलं नाही आणि कळून घ्यावंसंही वाटलं नाही. लष्करातले बडे अधिकारी, कंपन्यांचे साहेब, त्यांच्या मागून पिशवी वाहणारा कॅडी, एवढंच काय ते गोल्फ. त्यामुळे एडिनबरातल्या आमच्याच इमारतीत राहणाऱ्या शेजारच्या आजोबांनी "शनिवारी गोल्फला येतेस का?" असं सहज विचारलं, तेव्हा मी आधी कपड्यांची चौकशी केली. आजोबांनी आयुष्यभर शहरात बस चालवली, आता निवृत्त आहेत. म्हणाले, "अंगावर आहे तेच घाल. वर फक्त वाऱ्याला अडवेल असं काहीतरी."

आणि आम्ही निघालो बसने. २६ नंबरची बस एडिनबराच्या मधोमध जाते आणि पूर्वेला मसलबरा नावाच्या गावी पोचवते. आजोबांच्या खांद्यावर पाच-सहा काठ्यांची एक जुनी पिशवी होती आणि बसमध्ये कुणी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. स्कॉटलंडमध्ये हे कायम दिसतं. शहरातच ब्रंट्सफील्ड लिंक्स नावाचं उघडं माळरान आहे. उन्हाळ्यात तिथे छोट्या अंतरांचं गोल्फ चक्क फुकट खेळता येतं, फक्त काठी आणि चेंडू आपला हवा. शेजारी कुणी सतरंजी टाकून जेवत असतं, कुणी पतंग उडवत असतं. माझा पहिला चेंडू मी तिथेच मारला होता, म्हणजे मारला असं म्हणायचं.

मसलबरा ओल्ड लिंक्स मात्र खरंखुरं मैदान. नऊ होल, पार ३४, म्हणजे चांगल्या खेळाडूने नऊही होल मिळून ३४ फटक्यांत पुरे करावेत असा हिशोब. फी माणशी वीस पौंडांच्या आसपास. तुलनेसाठी सांगते, सेंट अँड्र्यूजच्या प्रसिद्ध ओल्ड कोर्सवर ऐन हंगामात एका फेरीचे तीनशे पौंडांच्या वर पडतात. तेही मैदान सार्वजनिकच आहे बरं का, पण जगभरातून लोक लोटल्यावर भाव चढणारच. मसलबऱ्याला कुणी सदस्य आहात का विचारत नाही, कुणी ओळख मागत नाही. खिडकीपाशी जायचं, पैसे द्यायचे, कार्ड आणि पेन्सिल घ्यायची. शिवाय हिकरी लाकडाच्या दांड्याच्या जुन्या पद्धतीच्या काठ्या भाड्याने मिळतात. त्यांना आजच्या काठ्यांसारखे आकडे नसतात, नावं असतात: मॅशी, निब्लिक. मी त्याच घेतल्या. दांडा बारीक, मूठ चामड्याची, आणि चेंडू नीट नाही लागला तर झिणझिण्या थेट कोपरापर्यंत. नीट लागला तर हाताला काहीच कळत नाही. माझ्या हाताला बहुतेक वेळा कळत होतं.

या मैदानाची गंमत अशी की ते रेसकोर्सच्या पोटात आहे. १८१६ पासून इथे घोड्यांच्या शर्यती होतात. गोल्फ त्याआधीपासूनचं, त्यामुळे दोघांनी एकमेकांना सांभाळून घेतलंय. धावपट्टीचं पांढरं रेलिंग गोल्फच्या मैदानाभोवती फिरतं, मधेच चेंडू घेऊन ते ओलांडावं लागतं आणि शर्यतीच्या दिवशी गोल्फ बंद. पहिला होल छोटा, पार तीनचा. दुसऱ्याचं नाव 'ग्रेव्ह्ज', म्हणजे थडगी. १५४७ मध्ये जवळच पिंकीची लढाई झाली, इंग्रजांनी स्कॉटिश फौजेची धूळधाण उडवली आणि त्यातले काही सैनिक इथे पुरले असं सांगतात. आजोबांनी तिथे टोपी वगैरे काही काढली नाही. म्हणाले, "उजवीकडे मारू नकोस, रस्ता आहे."

सर्वांत जुनं मैदान कुणाचं यावर सेंट अँड्र्यूजवाल्यांचं आणि यांचं जमत नाही. मसलबऱ्याचा लेखी पुरावा २ मार्च १६७२ चा. सर जॉन फाउलिस नावाच्या एडिनबराच्या वकिलाने आपल्या जमाखर्चाच्या वहीत त्या दिवशी मसलबऱ्याच्या गोल्फमध्ये हरलेल्या पैशांची नोंद केली. खेळाच्या इतिहासाचा पुरावा म्हणून हरलेल्या पैजेचा हिशोब सापडावा हे मला फार आवडलं. स्कॉट्सची राणी मेरी इथे १५६७ मध्ये खेळली अशीही आख्यायिका आहे, पण मला वकिलाची वही जास्त खात्रीची वाटते.

चौथा होल 'मिसेस फोरमन्स'. इथे कोपऱ्यावर याच नावाचा पब होता आणि भिंतीतल्या झरोक्यातून खेळणाऱ्यांना पेयं बाहेर दिली जात, असं आजोबा सांगतात. १८७० मध्ये इथे भलताच तमाशा झाला. सेंट अँड्र्यूजचे ओल्ड टॉम मॉरिस आणि मसलबऱ्याचे विली पार्क यांचा पैजेचा सामना चालला होता. गाववाले आपल्या माणसाच्या बाजूने इतके पेटले की मॉरिसच्या चेंडूला धड राहू देईनात. पंचांनी खेळ थांबवला. मॉरिस आणि पंच सरळ पबमध्ये जाऊन बसले. पार्कने बाहेरून निरोप धाडला की येत नसाल तर मी एकटा खेळून बक्षीस घेतो, आणि उरलेले होल खरंच एकट्याने पुरे केले! गोल्फ हा सभ्य लोकांचा शांत खेळ वगैरे ज्यांना वाटतं त्यांनी हे वाचावं.

आणखी एक. गोल्फचा होल जगभर सव्वाचार इंचांचा असतो, म्हणजे १०८ मिलिमीटर. होल पाडायचं त्या मापाचं यंत्र १८२९ मध्ये मसलबऱ्यात होतं, आणि तेच माप पुढे सगळ्यांनी उचललं. त्याच वर्षी कोलकात्यात रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब सुरू झाला, ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना. म्हणजे ज्या साली इथे गावच्या माळावर होलचं माप ठरत होतं, त्याच साली हा खेळ आपल्याकडे साहेबांच्या क्लबातून उतरला. पुढची भिंत तिथूनच सुरू झाली असावी असा माझा अंदाज.

पण मला सगळ्यात जास्त रमवलं ते मसलबऱ्याच्या कोळणींनी. गावाला लागून फिशररो नावाचं बंदर आहे. तिथल्या बायका मासळीची टोपली पाठीवर बांधून एडिनबरापर्यंत पायी विकायला जात. अठराव्या शतकाच्या अखेरीस इथल्या पाद्र्याने लिहून ठेवलंय की सुट्टीच्या दिवशी त्या गोल्फ खेळतात, आणि एका सणाला लग्न झालेल्या विरुद्ध बिनलग्नाच्या असा फुटबॉलचा सामना होतो, ज्यात लग्न झालेल्याच नेहमी जिंकतात. डिसेंबर १८१० मध्ये इथल्या गोल्फ क्लबने ठराव केला, की येत्या नवीन वर्षाच्या दिवशी जी कोळीण सर्वांत चांगली खेळेल तिला मासळीची नवी टोपली द्यायची. शिवाय बार्सिलोनाचे उत्तम रेशमी रुमाल. क्लबच्या वहीत नोंद झालेली बायकांची इतकी जुनी स्पर्धा दुसरी माझ्या तरी वाचनात नाही. ससून डॉकवर पहाटे मासळीचा लिलाव ज्यांनी पाहिलाय त्यांना या बायका कशा खेळल्या असतील हे वेगळं सांगायला नको.

आता दुसरी बाजू. १७४४ मध्ये गोल्फचे पहिले लेखी नियम करणारी एडिनबराची मातब्बर मंडळी, म्हणजे 'ऑनरेबल कंपनी' हा क्लब, १८३६ पासून मसलबऱ्यात खेळत होती. गोल्फची मानाची स्पर्धा, ब्रिटिश ओपन, इथे सहा वेळा झाली, १८७४ ते १८८९ दरम्यान. पण मैदान गावाचं, त्यावर चार-चार क्लब, शिवाय घोडे, शिवाय कोळी, शिवाय कुत्री. मंडळींना गर्दीचा कंटाळा आला. १८९१ मध्ये त्यांनी म्युरफील्डला स्वतःचं खासगी मैदान केलं आणि पुढच्याच वर्षी ओपन सोबत नेलं. त्या क्लबने बायकांना सदस्य करून घ्यायचा ठराव मंजूर केला २०१७ मध्ये. कोळणींच्या रेशमी रुमालानंतर दोनशे सहा वर्षांनी.

हे सगळं आजोबा चालता चालता सांगत होते आणि मधेच "वारा बघ" म्हणत होते. वारा बघावाच लागतो. फोर्थच्या खाडीवरून तो असा येतो की मी समुद्राच्या दिशेने मारलेला चेंडू वर गेला, थबकला आणि माझ्याच दिशेने परत येतो की काय असं वाटलं. एक बाई कुत्र्याला घेऊन फेअरवे, म्हणजे खेळायची मधली पट्टी, ओलांडत होती. आजोबा काठी टेकून थांबले, तिने हात केला, मग पुढे खेळ. इथल्या कायद्यानेच लोकांना गोल्फचं मैदान ओलांडून जाता येतं, ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, पाय ठेवायचा नाही एवढंच. आमच्या पुढे दोन शाळकरी मुली होत्या, दोघींत मिळून काठ्यांची एक पिशवी, आणि त्या आमच्यापेक्षा बऱ्याच जोरात मारत होत्या. मी कार्डावर आठ-आठ लिहीत होते. आजोबा माझे फटके मोजत नव्हते, मी मोजले तरी "सहा लिही, कोण विचारतंय" म्हणायचे. मी आठच लिहिले.

घरी आईला फोनवर सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "किती पैसे लागले?" वीस पौंडांचे रुपये केल्यावर तिला ते काही स्वस्त वाटले नाहीत. बरोबरच आहे तिचं. पण इथे दोघांच्या सिनेमाला आणि पॉपकॉर्नला त्याहून जास्त लागतात. आपल्याकडेही खारघरला सिडकोचं मैदान आहे, जिथे क्लबचं सदस्यत्व नसलं तरी पैसे भरून खेळता येतं. गावाकडच्या मित्रमंडळींपैकी कुणी जाऊन आलं असेल तर कळवा, पुढच्या सुट्टीत माझा विचार आहे.

तुमच्यापैकी कुणी एडिनबराला येणार असेल तर दोन गोष्टी. शर्यतींचं वेळापत्रक आधी बघा, नाहीतर मैदान बंद मिळेल. आणि खेळून झाल्यावर हाय स्ट्रीटवर लुकाज नावाचं आइस्क्रीमचं दुकान आहे, १९०८ पासूनचं. कितीही थंडी असली तरी तिथे रांग असते. आजोबांनी साधं व्हॅनिला घेतलं, मीही तेच घेतलं. पैसे त्यांनी मला देऊ दिले नाहीत.