रेझ्युमे करून देणाऱ्यांकडे आधी वर्ड फाइल मागा

मुद्द्याचं पहिल्यांदा सांगून टाकते, घाईत असलेल्यांनी एवढंच वाचलं तरी चालेल. पैसे देऊन रेझ्युमे करून घेणार असाल तर पैसे टाकायच्या आधी विचारा, वर्ड फाइल देणार का? पीडीएफ नाही, वर्ड. आणि उत्तर लेखी घ्या, व्हॉट्सअपवर असलं तरी पुरतं, फोनवरचं गोड बोलणं नंतर कोणाला आठवत नाही.

मी अकाउंट्समधली. अंधेरी एमआयडीसीत एका ट्रेडिंग कंपनीत होते, त्यांनी अख्खं अकाउंट्स इंदूरला हलवलं आणि आम्हाला नारळ दिला. वय चाळीशीच्या अलीकडे, मध्ये सासूबाईंच्या आजारपणात घेतलेली दोन वर्षांची गॅप, आणि हातात एक जुनाट रेझ्युमे, भांडुप स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याने कधीकाळी टाइप करून दिलेला. त्यात वडिलांचं नाव, जन्मतारीख, मॅरिटल स्टेटस, हॉबीज, आणि खाली ते 'आय हियरबाय डिक्लेअर' वगैरे. माझ्या कामाबद्दल मात्र एकच ओळ, 'अकाउंट्सची सर्व कामे'. (जाता जाता, झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढलीत तर तुमची फाइल त्यांच्या डेस्कटॉपवरून डिलीट करून घ्या, रिसायकल बिनमधूनसुद्धा. फोन नंबर, पत्ता, जन्मतारीख सगळं असतं त्यात आणि पुढचा माणूस मागे उभा राहून वाचत असतो.)

नोकरी डॉट कॉमवर, लिंक्डइनवर अप्लाय करत होते, फोन काही येईना. मग एका रेझ्युमे करून देणाऱ्या कंपनीचा फोन आला, तुमच्या रेझ्युमेचा स्कोअर फार कमी आहे मॅम, मशीनच रिजेक्ट करतंय. नाव लिहीत नाही त्यांचं. तीन हजारांच्या वर पैसे घेतले, एक भलीमोठी प्रश्नावली पाठवली, मी ती रात्री जागून भरली, आणि काही दिवसांनी ड्राफ्ट आला.

दिसायला झकास होता, खोटं कशाला बोलू. दोन कॉलम, डावीकडे निळी पट्टी, फोनचं छोटं चित्र, टॅलीपुढे पाचपैकी चार टिकल्या रंगवलेल्या. पण वाचायला घेतलं तर त्यात मी दहा जणांची टीम सांभाळत होते! माझ्या हाताखाली एक आर्टिकलशिपवाला, म्हणजे सीए व्हायला शिकाऊ म्हणून काम करणारा मुलगा होता, तोही मार्चपुरता. खर्चात 30 टक्के बचत केली असंही होतं, हा आकडा प्रश्नावलीत मी कुठेच दिला नव्हता. आणि गॅप दिसू नये म्हणून नोकऱ्यांचे महिने उडवून नुसती वर्षं ठेवलेली. आता हे मुलाखतीत कोणी विचारलं तर मी काय तोंड दाखवणार? शिवाय आपल्या पीएफच्या यूएएनवर, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणाऱ्या पीएफ नंबरवर, प्रत्येक कंपनीची जॉइनिंग आणि सोडल्याची तारीख दिसते, बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाले तीच बघतात, तिथे लपवाछपवी चालतच नाही.

मी करेक्शन लिहून पाठवली, एकेक ओळीखाली. इथून जे सुरू झालं ते आठवलं की अजून डोकं फिरतं. रायटरशी थेट बोलता येत नाही म्हणे, तिकीट टाका, म्हणजे ऑनलाइन तक्रार नोंदवा. तिकीट टाकलं की 'युअर कन्सर्न इज इम्पॉर्टंट टू अस'. मग शांतता. मग परत मेल, तुमचं तिकीट रिझॉल्व्ह झालंय, आम्हाला रेटिंग द्या. काय रिझॉल्व्ह झालं? काही नाही, उत्तर द्यायची त्यांची मुदत संपली की ते आपोआप बंद होतं. परत उघडा, परत तेच. चॅटवर दर वेळी नवीन माणूस आणि दर वेळी पहिल्यापासून रामायण, मॅम युअर ऑर्डर आयडी प्लीज. आणि यातला कळस म्हणजे एक दिवस उत्तर आलं की तुमची फ्री रिव्हिजनची मुदत संपली, कारण ती ड्राफ्ट पाठवल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे तिकिटावर बसून राहणार हे आणि मुदत संपणार माझी!

मी म्हटलं ठीक आहे, जाऊ दे, वर्ड फाइल द्या, माझी मी दुरुस्त करते, इतकी वर्षं एक्सेल आणि वर्डमध्येच गेलीत माझी. तर म्हणे एडिटेबल फॉरमॅट आमच्या प्रीमियम पॅकेजमध्ये येतं, वेगळे पैसे. माझाच रेझ्युमे, माझं नाव, माझ्या नोकऱ्या, आणि त्यातली एक ओळ बदलायला मी पुन्हा पैसे मोजायचे. विकणारा मुलगा फोनवर 'सगळं मिळेल मॅम' म्हणाला होता, पण ते फोनवर. म्हणून वर लिहिलंय लेखी घ्या.

शेवटी वैतागून 1915 ला फोन केला. ही नॅशनल कन्झ्युमर हेल्पलाइन, सरकारी आहे, पैसे लागत नाहीत. ते काही कोर्ट नाही, कंपनीला तक्रार पाठवतात आणि उत्तर मागतात. पेमेंटचा स्क्रीनशॉट आणि तिकिटांचे मेल जपून ठेवले होते ते कामाला आले. त्यानंतर कंपनीकडून एका सीनियर बाईंचा फोन, एकदम मधाळ आवाजात, मॅम समथिंग वेंट राँग. वर्ड फाइल मिळाली. पैसे परत नाही मिळाले, मीही मग पिच्छा सोडला.

आणि एवढं करून ती फाइल मी वापरलीच नाही. कारण तोपर्यंत आमच्या जुन्या ऑफिसातल्या एचआर मॅडमना फोन केला होता, त्या आता रिटायर आहेत, मुलुंडला असतात. त्या म्हणाल्या, "अगं, ती पीडीएफ उघड, सगळं सिलेक्ट करून कॉपी कर आणि नोटपॅडमध्ये पेस्ट कर." केलं. डावीकडचा फोन नंबर उजवीकडच्या कंपनीच्या नावात घुसलेला, टिकल्यांच्या जागी चौकोन, आणि ईमेल आयडी गायबच, कारण तो चित्रात होता. मॅडम म्हणाल्या की बऱ्याच मोठ्या कंपन्यांत रेझ्युमे आधी सॉफ्टवेअर वाचतं, एटीएस म्हणतात त्याला, आणि त्याला असंच काहीतरी दिसू शकतं. म्हणजे मशीनच्या नावाने पैसे घेऊन यांनी मशीनलाच वाचता येणार नाही असा रेझ्युमे दिला. ही नोटपॅडची टेस्ट फुकट आहे, दोन मिनिटांची आहे, आत्ता करून बघा.

मग मॅडमनी मला प्रश्न विचारले, आणि खरं काम ते. महिन्याला खरेदीची बिलं किती? साधारण चारशे. सॉफ्टवेअर? टॅली प्राइम. जीएसटी नंबर किती राज्यांचे? तीन. 2बी चं मॅचिंग, म्हणजे आपली खरेदीची बिलं जीएसटी पोर्टलवरच्या 2बी यादीशी ताडून बघणं, कोण करायचं? मीच. "मग हे कुठेय रेझ्युमेत?" 2022 पासून सप्लायरचं बिल 2बी मध्ये दिसलं तरच इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) घेता येतं, त्यामुळे हे मॅचिंग नीट करणारा माणूस अकाउंट्सवाल्यांना हवाच असतो, आणि मी वर्षानुवर्षं ते करून एका ओळीत 'सर्व कामे' लिहून मोकळी. टीडीएसचं तिमाही रिटर्न 26क्यू, बँक रिकन्सिलिएशन (बँकेचं स्टेटमेंट आपल्या हिशोबाशी जुळवणं), ऑडिटच्या वेळी सीएच्या माणसांना काय काय काढून दिलं, सगळं आकड्यांसकट लिहिलं. विशेषणं शून्य. गॅपसुद्धा सरळ लिहिली, 'घरातील आजारपणामुळे विश्रांती', महिन्यांसकट. एक कॉलम, साधा फाँट, दोन पानं.

माझं स्पष्ट मत आहे की रेझ्युमेसाठी मदत मागायची तर ज्यांनी तुमच्या कामाच्या माणसांना नोकरीवर घेतलंय त्यांच्याकडे मागा. जुने बॉस, एचआर, ओळखीचे सीए. लोक नाही म्हणत नाहीत, फक्त रविवारी दुपारी जेवणाच्या वेळेला फोन करू नका. कोणीच ओळखीचं नसेल तर केंद्र सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल आहे 2015 पासूनचं, नोंदणी फुकट, आणि आपल्या राज्याचं महास्वयंम आहे, त्यावर रोजगार मेळाव्यांची माहिती येते.

नवीन रेझ्युमे टाकल्यावर फोन यायला लागले, आता लोअर परळला लागलेय, ट्रेनची गर्दी सोडली तर बरं चाललंय.

हो, राहिलंच. नोकरीच्या साइटवर नवीन फाइल नुसती अपलोड करून भागत नाही, प्रोफाइलमधली स्किल्स आणि तारखा वेगळ्या बदलाव्या लागतात, रिक्रुटर तिथून शोधतात. अधूनमधून लॉगिन करत राहा, बरेच रिक्रुटर हल्ली अ‍ॅक्टिव्ह असलेलेच गाळून काढतात. फाइलला स्वतःचं नाव आणि कामाचं नाव द्या, 'फायनल न्यू 3' असलं काही नको. कंपनी बंद होत असेल तर रिलीव्हिंग लेटर आणि शेवटच्या तीन सॅलरी स्लिप तिथून निघायच्या आधीच घ्या, नंतर फोन उचलायला कोणी नसतं. आणि नोकरी लावतो म्हणून रजिस्ट्रेशनचे पैसे मागणारा फोन आला तर पुढचं ऐकूच नका, सरळ ठेवून द्या.